मेंदूच्या वेशीवरील पहारा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय व्यवस्थापनाच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथेप्रमाणे जमाखर्चाचा तपशील या अहवालाच्या पुढील पानांवर दिलेला आहेच. त्याची पुनरुक्ती न करता आजचा वेळ एका आजारसमूहाविषयी बोलण्यासाठी घ्यावा, असे आम्ही ठरविले आहे. शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी मेंदूवर आणि मज्जारज्जूवर चाल करून जातात, अशा विकारांचा हा समूह होय. आम्ही वैद्यक नव्हे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तथापि या रुग्णांचे नातेवाईक देयकाच्या खिडकीपाशी जे प्रश्न विचारतात, ते पुष्कळदा पैशाचे नसतात. ‘मार लागला नाही, ताप आला नाही, मग पाय कसे गेले?’ ‘आमच्या घराण्यात हे कोणालाच नव्हते, मग आले कोठून?’ अशा प्रश्नांना कोरडे उत्तर देऊन चालत नाही. आमच्या डॉक्टरांकडून वेळोवेळी समजून घेतलेले आणि वाचनातून पडताळून पाहिलेले जे आहे, ते आज आपणापुढे ठेवीत आहोत.

विषय गहन आहे. पण त्याची एक वाट आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक गावाच्या परिचयाची आहे. ती वाट म्हणजे कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने. तुमसर असो, साकोली असो वा पवनी, पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही त्या इंजेक्शनांची आठवण आहे. ती लस डिसेंबर २००४ मध्ये भारतात बंद झाली. लस बंद झाली, पण तिची धास्ती अजून बंद झालेली नाही. चावा घेतल्यावर जखमेला हळद-चुना लावून घरी बसणारी, किंवा दोन इंजेक्शने घेऊन तिसऱ्याला न फिरकणारी माणसे आजही आढळतात. या धास्तीला केवळ सुईचे भय कारण नव्हते. त्या लशीने क्वचित काही जणांचे पाय खरोखरच गेले होते. का गेले, या प्रश्नाच्या शोधातूनच आजच्या विषयाचे पुष्कळसे ज्ञान जगाला मिळाले आहे.

जुलै १८८५ मध्ये पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेल्या जोझेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली. ती सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. मुलगा वाचला आणि ही पद्धती जगभर पसरली. पुढे हिमाचलमधील कसौली येथे डेव्हिड सेंपल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी १९११ च्या सुमारास वेगळी कृती बसविली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवावयाचा, कार्बोलिक आम्लाने तो निष्प्रभ करावयाचा, आणि त्या मेंदूचेच मिश्रण पोटाच्या कातडीखाली टोचावयाचे. त्यापूर्वी उपचारासाठी रुग्णाला दूरच्या संस्थेत जावे लागे. आपला भंडारा त्या वेळी मध्यप्रांतात होता. येथून कसौली गाठणे गरिबाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. सेंपल यांची लस मात्र बाटलीत भरून ठिकठिकाणच्या दवाखान्यांत पाठविता येत असे. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही अशी लस अनेक वर्षे तयार होत असे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मरण जवळजवळ अटळ असते. अशा रोगापासून या लशीने असंख्य जीव वाचविले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

परंतु पाश्चर यांच्या काळापासूनच एक चमत्कारिक तक्रार कानी येत होती. लस घेतलेल्यांपैकी काहींना दोन-तीन आठवड्यांच्या आत पायांत मुंग्या येत, पाय लुळे पडत, लघवी अडे, नजर मंदावे. काहींची शुद्धही हरपे. हे प्रमाण ठिकठिकाणच्या नोंदींत निरनिराळे आहे. कोठे काही शेकड्यांत एक, तर कोठे काही हजारांत एक. ज्याला चावलेला कुत्रा मुळी पिसाळलेला नव्हता, अशा माणसालाही हे होई. तेव्हा हा रेबीज नव्हे, हे उघड होते. मग कारण काय?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. रेबीजचा अंशही नसलेल्या निरोगी सशांच्या मेंदूचे मिश्रण त्यांनी माकडांना वारंवार टोचले. काही माकडांचे पाय तसेच लुळे पडले. मेंदूत पाहता तंतूंवरील वेष्टन जागोजाग झडलेले आणि रक्तवाहिन्यांभोवती संरक्षक पेशींची गर्दी झालेली आढळली. म्हणजे अपाय विषाणूचा नव्हता. विषाणूसोबत जो मेंदू टोचला जात होता, त्याचा तो परिणाम होता.

मेंदूतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. विजेच्या तारेवरील रबरासारखे त्याचे काम असून त्यामुळे संदेश वेगाने व न गळता पोहोचतात. मेंढीचे मायलिन आणि माणसाचे मायलिन यांत फारच थोडा फरक आहे. चौदा दिवस रोज मेंढीचे मायलिन कातडीखाली येत राहिले, की काही जणांच्या शरीरातील संरक्षक पेशी त्यालाच परका शत्रू समजू लागत. शत्रूची ही ओळख त्यांना पोटाच्या कातडीखाली पटलेली असे. तिच्या आधारे शोध मात्र त्या सर्व शरीरभर घेत. आणि तसाच पदार्थ त्यांना सापडे तो स्वतःच्याच मेंदूत व मज्जारज्जूत. थायलंडमध्ये सेंपल लशीनंतर आजारी पडलेल्या रुग्णांच्या तपासणीत मायलिनमधील एका प्रथिनाविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे आढळली. तो अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

चाल करून जाणारे नेमके कोण, हेही टप्प्याटप्प्याने कळत गेले. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदरांच्या लसिका ग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांना दिल्या आणि त्यांच्यातही तोच आजार उत्पन्न झाला. १९८१ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी मायलिनमधील एका प्रथिनाला ओळखणाऱ्या टी-पेशी प्रयोगशाळेत वेगळ्या वाढविल्या; केवळ त्याच निरोगी उंदरांना दिल्या असता आजार झाला. टी-पेशी म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक वर्ग. शत्रूची ओळख लक्षात ठेवणे आणि इतर पेशींना हाक देऊन गोळा करणे, ही त्यांची मुख्य कामे.

येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. रक्तातील पेशींना मेंदूत शिरणे सोपे नसते. किंबहुना ते शक्य तितके अवघड करून ठेवण्याची निसर्गाची योजना आहे. १८८५ मध्येच जर्मनीत पॉल एर्लिख यांनी एक निरीक्षण नोंदविले होते. प्राण्याच्या रक्तात रंग सोडला असता सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र तसाच राहिला. त्यांचे सहकारी एड्विन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडून पाहिला. तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. याचा अर्थ, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक तटबंदी आहे. वैद्यकशास्त्रात तिला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात.

ही तटबंदी म्हणजे मेंदूभोवतीचा एखादा कोट नव्हे. ती मेंदूतील प्रत्येक केशवाहिनीच्या भिंतीत आहे. शरीराच्या इतर भागांत या भिंतीच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात. मेंदूत त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात. त्यांच्या बाहेरून एक पातळ अस्तर आणि त्याहीपलीकडे मेंदूतील आधारपेशींच्या पावलांचे दुसरे कुंपण असते. मेंदूतील केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरेल असा अंदाज आहे. भंडाऱ्याहून नागपूरला पाच वेळा जाऊन परत यावे, इतकी लांब ही वेस आहे.

गावाच्या वेशीवर जसा कोतवाल असावा, तसा येथेही पहारा असतो. निरोगी अवस्थेतही थोड्या संरक्षक पेशी मेंदूभोवतीच्या द्रवात ये-जा करीत असतात आणि काही विपरीत नाही ना, हे पाहून परततात. मेंदूवरील आवरणांत लसिकावाहिन्या आहेत, हे २०१५ मध्ये उंदरांवरील संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणजे मेंदू संरक्षक यंत्रणेपासून सर्वस्वी तुटलेला नाही. तेथील प्रवेश मोजून-मापून दिला जातो, एवढेच.

स्वयंप्रतिकार विकारात या वेशीवर जे घडते, ते पायरीपायरीने असे. प्रथम, मेंदूपासून दूर, एखाद्या लसिका ग्रंथीत टी-पेशीला चुकीची ओळख पटते आणि ती जागी होते. जागी न झालेली पेशी सहसा आत शिरू शकत नाही. दुसरे, ती रक्तप्रवाहातून मेंदूच्या वाहिनीत येते आणि भिंतीला अडखळत घरंगळू लागते. तिच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाचे आकडे असतात व सुजलेल्या भिंतीवर ते अडकतील असे खुंट उगवलेले असतात. आकडा खुंटाला अडकला, की पेशी जागीच थांबते. तिसरे, ती भिंतीवरून सरपटत योग्य जागा शोधते आणि दोन पेशींच्या सांध्यातून किंवा एखाद्या पेशीच्या अंगातूनच पलीकडे जाते. चौथे, ती भिंत आणि आतले कुंपण यांच्यामधील अरुंद बोळात पोहोचते. येथे तिची पुन्हा एकदा झडती होते. बोळातील पेशी तिला आपल्याजवळील पदार्थाचे तुकडे दाखवितात. त्यात तिला मायलिन ओळखू आले नाही, तर ती सहसा पुढे न जाता तेथेच संपते. ओळखू आले, तर ती पुन्हा चवताळते, आतले कुंपण कुरतडणारी विकरे सुटतात आणि ती मेंदूत प्रवेश करते. पाचवे, आत गेल्यावर ती हाक देते. मग रक्तातील इतर पेशी झुंडीने येतात, तटबंदी गळू लागते, सूज येते आणि मायलिन झडते.

एम.आर.आय. काढताना शिरेतून जे औषध देतात, ते निरोगी तटबंदी ओलांडू शकत नाही. जेथे ती गळत असेल तेथेच ते झिरपते व चित्रात पांढरा ठिपका उमटतो. नातेवाईक विचारतात की एकदा साधा फोटो काढल्यावर पुन्हा इंजेक्शन देऊन कशासाठी? त्याचे उत्तर हे आहे. वेस या घडीला कोठे फुटलेली आहे, ते त्या ठिपक्यावरून डॉक्टरांना दिसते.

प्रवेशाच्या पायऱ्या ठाऊक झाल्यावर प्रवेश रोखण्याचा विचार येणे स्वाभाविक होते. वर सांगितलेला आकडा प्रतिपिंडाने झाकला तर उंदरांमध्ये आजार टळतो, असे १९९२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. त्यातून नॅटॅलिझुमॅब हे औषध बनले आणि नोव्हेंबर २००४ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारासाठी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. आपल्याकडील मेंढीच्या मेंदूची लस बंद होण्याच्या एकच महिना आधीची ही घटना. परंतु फेब्रुवारी २००५ मध्ये ते औषध मागे घ्यावे लागले. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूत जे.सी. नावाच्या विषाणूने हाहाकार माजविला होता. हा विषाणू पुष्कळ निरोगी माणसांच्या शरीरात निमूट पडून असतो, कारण पहारेकरी त्याला डोके वर काढू देत नाहीत. वेस बंद केल्यावर हल्लेखोर थांबले, पण पहारेकरीही बाहेरच राहिले. पुढे जून २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटींवर ते औषध पुन्हा उपलब्ध झाले.

याच न्यायाची दुसरी बाजू खुद्द रेबीजमध्ये दिसते. रेबीजचा विषाणू रक्तातून तटबंदी फोडून येत नाही. चाव्याच्या जागेपासून तो मज्जातंतूंच्या आतून, चोरपावलांनी मेंदूकडे चढतो. त्यामुळे वेशीवर गलका होत नाही आणि वेस उघडत नाही. रक्तात प्रतिकाराची सिद्धता झाली, तरी ती मदत आत पोहोचत नाही व रुग्ण दगावतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात, एरवी प्राणघातक ठरणाऱ्या रेबीजने ग्रासलेल्या उंदरांमध्ये ही तटबंदी मुद्दाम उघडली असता त्यांतील पुष्कळ वाचले. माणसासाठी हा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. पण एकाच चाव्यातून निघालेल्या या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. रेबीजमध्ये पहारेकरी आत येत नाहीत म्हणून माणूस जातो. जुन्या लशीच्या अपघातात ते चुकीचा हुकूम घेऊन आत येतात म्हणून माणूस पंगू होतो. वेस तीच आणि पहारेकरीही तेच. म्हणून या विकारांवरील उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती सरसकट दडपणे नव्हे. कोणाला, किती आणि किती काळ अडवावयाचे, याचा तो हिशेब आहे. औषधाच्या आधी रक्ततपासण्या, मध्ये पुन्हा तपासण्या, आणि बरे वाटल्यावरही बोलावणे, यामागील कारण हेच.

आता लशीशी संबंध नसलेल्या, आज आढळणाऱ्या विकारांकडे वळू. त्यांपैकी मल्टिपल स्क्लेरोसिस हा सर्वांत परिचित. हा केवळ गोऱ्या लोकांचा आजार, असा समज पूर्वी होता. मुंबईतील डॉ. नोशीर वाडिया व इतर मज्जाविकारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात पारशी समाजात केलेल्या अभ्यासांतून तो त्या समाजात ठळकपणे आढळतो, असे पुढे आले. एम.आर.आय. सुलभ झाल्यावर इतर समाजांतील रुग्णही अधिक संख्येने ओळखले जाऊ लागले. १९८५ मध्ये भारतात या रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली.

या विकारात टी-पेशींना चुकीचा हुकूम कोण देतो? २०२२ मध्ये अमेरिकेच्या सैन्यदलातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एपस्टाइन-बार या अत्यंत सर्वसाधारण विषाणूची लागण झाल्यानंतर या विकाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो, असे त्यात दिसले. त्या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतील एका प्रथिनाशी मिळताजुळता आहे, हेही त्याच वर्षी दाखविण्यात आले. मेंढीच्या मायलिनने जे केले, तशाच प्रकारची गफलत येथे विषाणूच्या साम्यामुळे होत असावी, असे संशोधकांना वाटते. ही लागण जवळजवळ सर्वांनाच होते आणि आजार फार थोड्यांना होतो; तेव्हा अनुवंश, जीवनसत्त्व ड, धूम्रपान अशी इतर कारणेही सोबत असतात. म्हणून ‘आमच्याच घरी का?’ या प्रश्नाचे उत्तर एवढेच देता येते की यात कोणाचाही दोष नाही. हा आजार संसर्गाने पसरत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याचे काहीही कारण नाही.

दुसरा विकार न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. यात डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांवर तीव्र आघात होतो. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी त्याचे विशिष्ट प्रतिपिंड शोधून काढले. पुढच्याच वर्षी त्याचे लक्ष्यही सापडले. ते मायलिन नसून आधारपेशींच्या पावलांवरील पाण्याची वाट आहे. म्हणजे येथे घाव थेट वेशीच्या कुंपणावरच बसतो. मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे या विकारात अपायकारक ठरतात. यास्तव दोन्ही आजार सारखे दिसत असले तरी नेमक्या रक्ततपासणीचा आग्रह धरावा लागतो. तो खर्च अनाठायी नव्हे.

तिसरा प्रकार ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. त्यातील एका महत्त्वाच्या प्रकाराची ओळख २००७ मध्ये पटली. चांगली हसती-खेळती तरुण मुलगी काही दिवसांत असंबद्ध बोलू लागते, झोप उडते, तोंडाच्या-हातांच्या विचित्र हालचाली होतात, झटके येतात. आपल्या भागात अशा मुलीला प्रथम मांत्रिकाकडे नेले जाण्याचा धोका मोठा आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायद्यापेक्षाही शेजाऱ्याने वेळीच दिलेला सल्ला अधिक उपयोगी पडतो. ही बाधा नव्हे. हा मेंदूचा, आणि बहुसंख्य रुग्णांत उपचाराने सुधारणारा, आजार आहे.

उपचारांचा अर्थही आता सोपा होईल. अकस्मात आघात झाला असता जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून तीन ते पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड दिले जाते. त्याने सूज उतरते आणि गळणारी तटबंदी पुन्हा आवळली जाते. प्रतिपिंडांचा हल्ला असेल तर रक्तद्रव बदलून ती काढून टाकता येतात. त्यानंतर पुढील आघात टाळण्याची औषधे. काही आकडा झाकतात. २०१० मध्ये मान्यता मिळालेले फिंगोलिमॉड टी-पेशींना लसिका ग्रंथींतच रोखून धरते. रिटुक्सिमॅब बी-पेशी या दुसऱ्या वर्गाला कमी करते. २००७ पासून रिटुक्सिमॅब भारतातही तयार होत असल्याने ते मूळ आयात औषधापेक्षा स्वस्त पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससाठी ज्या तीन औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, त्यांत त्याचा अंतर्भाव आहे. मात्र एकदा मेलेला तंतू परत उगवत नाही. म्हणून पेशी आत शिरल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जो काळ जातो, त्याला सर्वाधिक किंमत आहे.

या दृष्टीने रुग्णांच्या आप्तांना आमची काही कळकळीची विनंती आहे. एका डोळ्याची नजर काही दिवसांत मंदावणे व डोळा हलविताना दुखणे. छातीखाली किंवा कमरेखाली पट्टा बांधल्यासारखे होऊन बधिरता येणे. दोन्ही पायांतील बळ जाणे व लघवी अडणे. एकाची दोन दिसणे. मान वाकविताच पाठीतून वीज गेल्यासारखे वाटणे. कोणत्याही औषधाने न थांबणारी उचकी व उलट्या. यांपैकी काहीही घडल्यास धानाची रोवणी आटोपू द्या, सण पार पडू द्या, असे म्हणू नये. दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. येथे शक्य नसलेल्या तपासण्यांसाठी रुग्णास नागपूरला पाठविले, तर ती टाळाटाळ समजू नये.

दुसरी विनंती कुत्र्याच्या चाव्याविषयी. आजची लस मेंदूपासून बनत नाही. ती प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर तयार होते. तिच्यात मेंढीचे मायलिन नाही. पोटात टोचण्याचा काळ संपला. ती दंडात दिली जाते. स्नायूत दिल्यास सहसा चार-पाच मात्रा, आणि कातडीत दिल्यास पहिला, तिसरा, सातवा व अठ्ठाविसावा असे ठरलेले दिवस. कातडीत देण्याच्या पद्धतीस भारतात २००६ पासून सुरुवात झाली. तिला लस अगदी थोडी लागते, म्हणून एका कुपीत अनेकांचे काम होते. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची लावू नये, खोल जखमेत डॉक्टर सांगतील ते सिरम घ्यावे आणि एकही मात्रा चुकवू नये. कुत्राच नव्हे, कोल्हा वा माकड चावले तरी हेच. आजोबांचे पाय ज्या लशीने गेले असतील, ती लस आता नाही. त्या आठवणीपायी नातवाला रेबीजच्या तोंडी देऊ नये.

तिसरी गोष्ट, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. पात्र रुग्णाने जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळवावे. ते घेणे म्हणजे हार मानणे नव्हे.

देणगीदार आणि विश्वस्त महोदय, मेंढीच्या मेंदूची लस ही शेवटपर्यंत गरिबांची लस होती. पेशींवर वाढविलेली लस १९७० च्या दशकापासून जगात उपलब्ध होती. ज्याच्या खिशात पैसे होते, तो ती विकत घेत असे. ज्याच्या नव्हते, तो सरकारी दवाखान्यात पोटावर चौदा सुया घेई आणि त्यासोबतचा धोकाही पत्करी. ज्ञान उपलब्ध होऊनही ते गरिबाच्या दारी पोहोचण्यास जो विलंब झाला, त्याचे मोल काही कुटुंबांनी पंगुत्वाने मोजले. आज स्वयंप्रतिकार विकारांच्या औषधांबाबतीत आपण तशाच वळणावर उभे आहोत. औषध आहे, तपासणी आहे. अडते ते नागपूरच्या गाडीभाड्यावर, एका रक्ततपासणीच्या रकमेवर, सहा महिन्यांनी येणाऱ्या पुढच्या मात्रेवर, आणि रोजच्या व्यायामोपचारावर. आपल्या देणगीतील रुपया नेमका या ठिकाणी लागतो. त्याचा परिणाम एखाद्या नव्या इमारतीसारखा डोळ्यांत भरत नाही. तो दिसतो स्वतःच्या पायांनी बांधावर गेलेल्या एखाद्या माणसात किंवा पुन्हा शाळेत जाऊ लागलेल्या मुलीत.

म्हणून येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकाकडे पाहताना प्रवास-साहाय्य, तपासण्या, दीर्घकालीन औषधे आणि व्यायामोपचार या चार बाबींसाठी सढळ मनाने तरतूद व्हावी, अशी विश्वस्त मंडळास आमची नम्र प्रार्थना आहे.